एजन्सीला दोन टक्के, आम्हाला दहा

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

विषय: स्टाफिंग एजन्सीमार्फत काम करणाऱ्या कंत्राटी व्यावसायिकांची करकपात (टीडीएस, म्हणजे पैसे हातात पडण्याआधीच कापला जाणारा कर)

महोदया,
सादर नमस्कार.

मी पुण्यात राहते आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. गेली सात वर्षं एकाही कंपनीच्या पटावर माझं नाव नाही. काम हिंजवडीतल्या कंपन्यांचं, लॅपटॉप त्यांचा, टाइमशीटवर सही त्यांच्या मॅनेजरची. पैसे मात्र एजन्सीकडून येतात, आणि तेही पगार म्हणून नाही, 'प्रोफेशनल फी' म्हणून. दर महिन्याच्या शेवटी मी इनव्हॉइस पाठवते आणि पंचेचाळीस दिवस वाट बघते. मुलगी लहान असताना नोकरी सोडली होती. पुन्हा काम शोधायला लागले तेव्हा हेच दार उघडं मिळालं. माझ्यासारख्या कितीतरी जणी या दारातून आत आल्या आहेत.

2026च्या 1 फेब्रुवारीला आपलं अर्थसंकल्पाचं भाषण मी घरी बसून ऐकलं. मनुष्यबळ पुरवणाऱ्या सेवांवरच्या करकपातीबद्दल वर्षानुवर्षं गोंधळ होता. या सेवा कंत्राटदाराच्या देयकांत धरायच्या आणि 1 किंवा 2 टक्केच कापायचे, असं आपण जाहीर केलंत. ऐकून मला आनंदच झाला. मग हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं, की यातला एक पैसाही माझ्यापर्यंत येणार नाही.

क्लायंट एजन्सीला पैसे देतो तेव्हा कपात 2 टक्के. एजन्सी मला देते तेव्हा कपात 10 टक्के, कारण मी 'व्यावसायिक'. माणूस पुरवणाऱ्याला दोन आणि पुरवल्या गेलेल्या माणसाला दहा! काम एकच आणि त्याचा पैसाही एकच, फक्त शेवटच्या टप्प्यावर तो पाचपट कापला जातो. क्लायंट एजन्सीला माझ्यासाठी किती देतो हे आम्हाला सांगितलं जात नाही, म्हणून त्याबद्दल मी बोलत नाही.

माझं इनव्हॉइस महिन्याला 70,000 रुपयांचं, म्हणजे वर्षाचे 8 लाख 40 हजार. लहान व्यावसायिकांसाठीच्या अनुमानित उत्पन्नाच्या नियमाप्रमाणे (जुन्या कायद्यातलं कलम 44एडीए) त्यातली निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते, 4 लाख 20 हजार. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आपण 2025 साली करमुक्त केलंत, त्यामुळे माझा कर होतो शून्य. आणि तरीही दर महिन्याला माझे 7,000 रुपये कापले जातात, वर्षाला 84,000. दुसरं उत्पन्न नसेल तर वर्षाला 24 लाखांची फी घेणाऱ्यालाही याच हिशोबानं कर लागत नाही, आणि त्याचे तर 2 लाख 40 हजार अडकतात. जो कर मला लागणारच नाही, तो माझ्याकडून आगाऊ घेतला जातो.

तो परत मिळतो, हे मला मान्य आहे. पण कधी? एप्रिलचे कापलेले पैसे वर्षभर पडून राहतात. शेवटच्या तिमाहीचं विवरणपत्र एजन्सी पुढच्या मेअखेरीस भरते, ते 26एएसमध्ये, म्हणजे माझ्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, दिसू लागलं की मी रिटर्न भरते, आणि परतावा येईपर्यंत गणपती आलेले असतात. सोळा महिने. मधल्या जूनमध्ये शाळेची फी भरायची असते. गेल्या वर्षी ती मी बहिणीकडून उसने घेऊन भरली. माझेच 84,000 सरकारकडे असताना. परताव्यावर व्याज मिळतं महिन्याला अर्धा टक्का, आणि माझा कर उशिरा गेला तर मी देते महिन्याला एक टक्का.

एजन्सीला मी पुष्कळदा विचारलं. 2020 साली तांत्रिक सेवांवरची कपात 2 टक्क्यांवर आली, मग माझं टेस्टिंग तांत्रिक नाही का? त्यांच्या अकाउंट्समधल्या बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "मॅडम, कमी कापलं आणि उद्या ऑफिसरनं हे प्रोफेशनल ठरवलं, तर राहिलेला कर व्याजासकट आम्ही भरायचा. जास्त कापलं तर आम्हाला कोण विचारतंय?" त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येईना. नियमच असा बांधलेला आहे की कापणाऱ्यानं शंका आली की जास्त कापावं, आणि त्या शंकेची किंमत मी मोजावी.

कोणी म्हणेल, निम्मं उत्पन्न खर्चात धरून मिळतं, आणखी काय हवं? त्यांनी आमची दुसरी बाजूही बघावी. पगारदाराला 75,000ची प्रमाणित वजावट आहे, आम्हाला नाही. प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. प्रोजेक्ट संपला की आठवड्याच्या नोटिशीवर घरी, आणि पुढचं काम मिळेपर्यंतचे महिने बिनपैशाचे. बँकेत कर्जाला गेलं तर पहिला प्रश्न 'फॉर्म 16 कुठाय?' तो पगारदाराचा. आमच्याकडे असतो 16ए, फीवरच्या कपातीचा दाखला. तो बघून समोरच्या माणसाचा चेहरा कसा बदलतो ते मी पाहिलं आहे. मला नवी सवलत नको आहे. माझे पैसे मला ज्या महिन्यात मिळवले त्या महिन्यात हवे आहेत.

आणि कापलेले पैसे नेहमी सरकारजमा होतात असंही नाही. तीन वर्षांपूर्वी एका छोट्या एजन्सीनं माझ्या तीन महिन्यांच्या इनव्हॉइसमधून 21,000 कापले आणि भरलेच नाहीत. 26एएसमध्ये त्या जागी काहीच नव्हतं. ऑफिसला गेले तर कुलूप. तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम 205 सांगत होतं, की ज्याच्या उत्पन्नातून कर कापला गेला त्याच्याकडून तो पुन्हा मागू नये. प्रत्यक्ष कर मंडळानंही 2015 आणि 2016 साली अधिकाऱ्यांना तशा सूचना दिल्या होत्या. पण माझ्याकडून कोणी मागतच नव्हतं, मलाच परत हवे होते. तिथे मात्र संगणक एकच ओळखतो, की नोंद नाही तर क्रेडिट नाही. पैसे माझ्या खात्यात कधी आले नाहीत, सरकारच्याही नाहीत, आणि तोटा झाला तो माझा एकटीचा.

जीएसटीचं थोडक्यात सांगते, कारण माझी फी जीएसटी नोंदणीच्या 20 लाखांच्या मर्यादेच्या आत आहे. माझ्या एका सहकाऱ्याची नाही. एजन्सी त्याला साठ दिवसांनी पैसे देते, पण त्या इनव्हॉइसवरचा 18 टक्के कर पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला त्याला खिशातून भरावा लागतो.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला. 194जे (व्यावसायिक फी), 194सी (कंत्राटदार) हे कपातीच्या कलमांचे आकडे आम्हाला तोंडपाठ होते, ती सगळी कपात आता कलम 393च्या तक्त्यांत गेली. भाषा सोपी झाली, हे मनापासून मान्य. पण तक्त्यातल्या माझ्या ओळीत दहा तसेच राहिले. म्हणून विनंती करते. एजन्सीमार्फत काम करणारी व्यक्ती अनुमानित उत्पन्नावर कर भरत असेल, तर तिच्या फीमधून एजन्सीनं 2 टक्क्यांहून जास्त कापू नये, असं परिपत्रक काढा. एजन्सीलाही त्याचा आधार मिळेल, आणि त्या अकाउंट्समधल्या बाईंची भीती जाईल.

त्याच भाषणात आपण लहान करदात्यांसाठी कमी किंवा शून्य कपातीचं प्रमाणपत्र अधिकाऱ्याकडे न जाता, नियमांच्या आधारे आपोआप देण्याची योजना मांडलीत. ती आमच्यासाठी फार मोलाची आहे. फक्त हे प्रमाणपत्र माझ्या पॅनवर द्यावं, एजन्सीच्या टॅनवर, म्हणजे कर कापणाऱ्याच्या नंबरावर, नको. वर्षात माझ्या दोन-तीन एजन्सी बदलतात, आणि प्रत्येक वेळी नवा अर्ज करून ते हातात पडेपर्यंत प्रोजेक्ट संपलेला असतो.

आणि कापून न भरलेल्या कराचं क्रेडिट, इनव्हॉइस आणि बँकेचा उतारा दाखवणाऱ्याला मिळालंच पाहिजे. वसुली एजन्सीकडून करा, तिचा टॅन आपल्याकडे आहे. माझ्या त्या तीन महिन्यांची इनव्हॉइस, खात्याचा उतारा आणि एजन्सीचा 'टीडीएस वजा करून' असं लिहिलेला मेल मी जपून ठेवला आहे. आपल्या कार्यालयातून मागणी आली, तर त्याच दिवशी पाठवीन.

आपली विश्वासू,
एक कंत्राटी सॉफ्टवेअर टेस्टर, पुणे