फोल्डर उडवू न देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताईंना सप्रेम नमस्कार,

आपली ओळख फोनवरचीच. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आमच्या वाचनालयासाठी आपण जे केलंत ते इतर ग्रंथपालांनाही कळायला हवं.

आमच्या उबुंटू सर्व्हरवर कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरसाठी मारियाडीबी ही डेटाबेस प्रणाली काही केल्या बसेना. इन्स्टॉलेशन शेवटापर्यंत जायचं आणि 'डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)' अशी ओळ टाकून थांबायचं. ज्याला विचारावं तो एकच उपाय सांगे: मायएसक्यूएल या आधीच्या डेटाबेस प्रणालीचा जुना फोल्डर उडवा, सगळं पर्ज करा (म्हणजे मुळासकट काढा), पुन्हा बसवा. आपण मात्र पहिल्याच फोनवर विचारलंत, "त्या फोल्डरमध्ये कोणाचा डेटा आहे?" तोवर हे कोणीच विचारलं नव्हतं. त्यात आमची अख्खी दाखल नोंदवही होती, सभासद होते, देवघेव होती. मशीनवर आधी मायएसक्यूएल ८.० होतं. ते काढलं गेलं, पण डेटा जागेवरच राहिला होता. पर्ज करताना डेटाबेसही काढायचे का, असं पडद्यावर विचारलं जातं आणि घाईत माणूस 'येस' दाबून मोकळा होतो, हेही आपण बजावलंत.

मग शेवटची ओळ सोडून वरचं वाचायला लावलंत. कोड १ म्हणजे नुसतं 'काम झालं नाही'. का झालं नाही, ते जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींत, शोधायचं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: रीडू लॉगचा (डेटातले बदल टिपणाऱ्या फाइलचा) फॉरमॅट चालत नाही, तो मायएसक्यूएल ८.० ने तयार केलेला आहे. मारियाडीबी २००९ साली मायएसक्यूएलमधूनच फुटून निघाली, म्हणून दोन्हींचा डेटा ठेवायचा फोल्डर एकच. पण ८.० पासून आतली मांडणी इतकी बदलली की मारियाडीबीला त्या फायली वाचताच येत नाहीत. भावाभावांचे सातबारे वेगळे झाले, पत्ता मात्र तोच राहिला. आपण हे इतक्या शांतपणे समजावलंत की माझी भीतीच गेली.

फोल्डर पुसायचा नाही, नाव बदलून बाजूला ठेवायचा, असं आपण सांगितलंत. त्याची प्रत दुसऱ्या मशीनवर नेली, तिथे तीच जुनी आवृत्ती बसवली, फायलींची मालकी 'मायएसक्यूएल' या युजरला दिली आणि सर्व्हर सुरू झाला! तिथून डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची मजकूररूपातली प्रत, काढला. इकडे जागा मोकळी झाल्यावर मारियाडीबीही बिनबोभाट बसली.

डम्प भरताना पुन्हा अडलं. एरर १२७३, अनोळखी कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम): 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय'. ते मायएसक्यूएल ८.० चं, आमच्या मारियाडीबीला ठाऊक नव्हतं. डम्पच्या प्रतीत त्याजागी 'यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय' घालायला आपण सांगितलंत. कॅरॅक्टर सेटला, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीला, मात्र हात लावू दिला नाहीत. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं. तिथे गडबड झाली की पुस्तकांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात. नोंदी दोन्हीकडे मोजून जुळल्या, तरी आपलं समाधान झालं नाही. "ज्ञ आणि क्ष असलेली नावं शोधून बघा," म्हणालात. बघितली. सगळी जशीच्या तशी होती, ताई. त्या क्षणी मला काय वाटलं ते फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

प्रत्येक कमांड ती काय करते हे सांगूनच आपण टाइप करायला लावलीत. आपल्या नोकरीतून, संध्याकाळच्या वेळात, आणि मानधनाचा विषय काढला तर तोही बाजूला सारलात. शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाचंही आता असंच अडलं आहे. आपण सांगितलेला क्रम मी त्यांना लिहून पाठवला आहे, सगळ्यात वर 'फोल्डर उडवू नका' असं ठळक अक्षरांत.

कार्यकारी मंडळाने आपल्या आभाराचा ठराव एकमताने मंजूर केला आहे. त्याची प्रत टपालाने पाठवते आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
ग्रंथपाल