घरी कॉफी भाजण्याविषयी बाबांना पत्र

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. यापुढे कॉफीचे दाणे घरीच भाजायचे असे तुम्ही ठरवले आहे आणि त्यासाठी कोणते यंत्र घ्यावे, असे विचारले आहे. माझे मत असे की यंत्राचा विचार सध्या बाजूला ठेवावा. यंत्र ढोल फिरवते, तापमान दाखवते, थोडाफार धूरही ओढून घेते. पण दाणे नेमके कधी उतरवायचे हे तुम्हालाच ठरवावे लागते, आणि भाजणीत शिकण्यासारखे जे काही आहे ते बरेचसे याच एका निर्णयात आहे. कान, नाक आणि घड्याळ एवढ्या भांडवलावर तो कढईतही शिकता येतो. पूर्वी हे काम घरोघरी होतच असे. जेबेझ बर्न्स यांनी १८६४ मध्ये अमेरिकेत आपल्या भाजणीयंत्राचे पेटंट घेतले. पुढे कारखान्यात भाजलेली कॉफी पुड्यांतून मिळू लागली आणि घरची भाजणी मागे पडत गेली.

आधी दाण्यांविषयी. वेगवेगळ्या देशांचे नमुने थोडे थोडे मागवण्याचा मोह होतो, तो आवरावा आणि एकाच प्रकारचे दोन-तीन किलो कच्चे दाणे घ्यावेत. दर वेळी दाणा बदलला तर चवीतला फरक दाण्यामुळे पडला की भाजणीमुळे, हे कधीच कळणार नाही. कच्चे दाणे थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी सहा महिने ते वर्षभर चांगले राहतात, त्यामुळे जास्त घेतल्याने नुकसान होत नाही. सुरुवातीला ग्वाटेमाला किंवा कोलंबियाकडचा, उंचावर पिकलेला, धुऊन वाळवलेला अरेबिका दाणा बरा. तो घट्ट असतो, एकसारखा रंग धरतो आणि तडकताना स्पष्ट आवाज करतो. फळासकट वाळवलेले इथिओपियाचे दाणे चवीला फार सुरेख असतात, पण त्यांच्यावर पापुद्रा, म्हणजे दाण्याला चिकटलेली पातळ साल, जास्त असतो आणि एकाच घाण्यात काही दाणे फिके तर काही गडद दिसतात. नवशिक्याचा त्यात गोंधळ होतो, म्हणून ते नंतर.

भांड्याच्या बाबतीत दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, पॉपकॉर्न करण्याचे गरम हवेचे छोटे यंत्र. त्यात दाणे हवेवर उसळत राहतात, म्हणून सगळीकडून सारखे भाजले जातात आणि पापुद्राही आपोआप बाहेर उडतो. मात्र ज्याच्या भांड्याच्या बाजूंना हवेच्या फटी आहेत असेच यंत्र घ्यावे. तळाला जाळी असलेल्या यंत्रात पापुद्रा साचून पेट घेऊ शकतो. या यंत्रात सारे काही पाच ते आठ मिनिटांत उरकते आणि पंख्याच्या घरघरीत दाण्यांचा आवाज नीट ऐकू येत नाही. दुसरा मार्ग जाड बुडाच्या बिडाच्या कढईचा. तिच्यात रंग थोडा कमी-जास्त होणारच, कारण तळाला टेकलेली बाजू आधी भाजते. पण वेग आपल्या हातात राहतो आणि आवाज स्वच्छ ऐकू येतो. म्हणून तुम्ही कढईनेच सुरुवात करावी असे मला वाटते. नॉनस्टिक भांडे मात्र वापरू नये, इतक्या उष्णतेसाठी त्याचा लेप केलेला नसतो.

एका वेळी शंभर ग्रॅम दाणे पुरेत, आणि ते काट्यावर तोलूनच घ्यावेत. कढई मध्यम आचेवर आधी तापवून घ्यावी, दाणे टाकावेत आणि तेव्हापासून उलथने थांबवू नये. कढई फार तापलेली असेल तर दाण्यांच्या सपाट बाजूवर काळे डाग पडतात आणि कॉफीला करपट वास येतो. कच्च्या दाण्यात दहा ते बारा टक्के पाणी असते, त्यामुळे पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. हिरवा रंग फिकट होतो, वाळल्या गवतासारखा वास येतो. मग दाणे पिवळे पडतात आणि वास बदलून भाजल्या पावाकडे झुकतो. इथून दाण्यातली शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात ती प्रक्रिया सुरू होते जिच्यामुळे कॉफीला तपकिरी रंग आणि बराचसा सुगंध मिळतो. पापुद्रा सुटू लागतो, धूर दिसू लागतो. खिडकी उघडी आणि धूर ओढणारा पंखा चालू हवा, हे आईला आधीच सांगून ठेवावे.

आठ-दहा मिनिटांच्या सुमारास, दाण्याचे तापमान १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की, आतली वाफ आणि वायू यांच्या दाबाने दाणे तडकू लागतात. मक्याच्या लाह्या फुटताना होतो तसा हा आवाज असतो. भाजणारे लोक त्याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. आधी एखादाच दाणा वाजतो, तो मोजू नये. आवाज एकापाठोपाठ एक येऊ लागले की घड्याळाकडे पाहावे, कारण खरी भाजणी इथून पुढे आहे. तडतड सुरू होताच उतरवलेली कॉफी बहुधा आंबट आणि कच्चट लागते, आणि दाणे इतके टणक राहतात की ते दळताना हाताला कळते. तडतड सुरू झाल्यापासून दीड-दोन मिनिटांनी, ती विरळ होत असताना उतरवली तर फळांची आंबूस चव राखणारी फिकी भाजणी मिळते. आणखी मिनिटभर थांबल्यास आंबटपणा ओसरतो, गोडवा आणि जडपणा वाढतो. तुम्हाला आवडेल ती बहुधा हीच मध्यम भाजणी. त्यानंतर २२४ अंशांच्या सुमारास दुसरी तडतड ऐकू येते. ती पहिलीपेक्षा बारीक आणि जलद असते. तिथे दाण्यावर तेल दिसू लागते, धूर दाट होतो, आणि दाण्याच्या जातीची, मातीची चव मागे पडून भाजणीचीच चव उरते. काहींना ती प्रिय असते. मला विचाराल तर एवढ्या निगुतीने निवडलेला दाणा तिथवर नेण्यात अर्थ नाही.

या शेवटच्या टप्प्यात आच थोडी उतरवावी, जेणेकरून विचाराला वेळ मिळेल, पण इतकी उतरवू नये की तडतड मध्येच बंद पडेल. तसे झाले तर रंग उत्तम येतो आणि चव मात्र सपक, कोरड्या पावासारखी होते. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती ओळखायला सर्वांत उशीर लागतो. दाणे विस्तवावर असताना तिथून हलू नये. पापुद्र्याने पेट घेतलाच तर आच बंद करून झाकण घालावे, पाणी ओतू नये.

उतरवल्यावरही दाणे स्वतःच्या उष्णतेने भाजत राहतात. म्हणून धातूच्या दोन चाळण्या तयार ठेवाव्यात आणि दाणे एकीतून दुसरीत ओतत तीन-चार मिनिटांत हाताला सोसतील इतके निववावेत. पापुद्राही त्यातच उडून जातो, तेव्हा हे अंगणात केलेले बरे. मग फिकटच राहिलेले दाणे निवडून टाकावेत. ते अपक्व फळांतले असतात आणि थोडेसेच असले तरी पेल्यात शेंगदाण्याच्या टरफलाची चव आणतात.

निवलेले दाणे पुन्हा तोलावेत. तुमचे सध्याचे सर्वांत भरवशाचे मोजमाप हेच आहे, कारण रंग दिव्याच्या उजेडाप्रमाणे फसवतो, वजन फसवत नाही. शंभर ग्रॅमचे ८६ ते ८८ उरले तर भाजणी फिकी, ८४ ते ८६ उरले तर मध्यम, आणि ८३ च्या खाली गेले तर गडद, असे ढोबळमानाने समजावे.

त्याच दिवशी पिण्याची घाई करू नये. ताज्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघत असतो आणि तो पाण्याला दाण्यात नीट मुरू देत नाही. पहिला दिवस डबा सैल झाकावा, नंतर घट्ट बंद करावा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चव उलगडते, एस्प्रेसोसाठी आठवडाभर थांबलेले चांगले. तीन-चार आठवड्यांनंतर ती उतरते, म्हणून थोडेच भाजावे.

आईला रात्री झोप लागत नाही म्हणून तिची कॉफी जास्त भाजून द्यावी, असे तुम्ही लिहिले आहे. त्याचा उपयोग होणार नाही. गडद भाजल्याने कॅफिन फारसे कमी होत नाही. तिच्यासाठी कॅफिन काढलेले कच्चे दाणे वेगळे मिळतात. ते मुळातच तपकिरी असतात आणि हळू आवाजात तडकतात, म्हणून रंग आणि कान दोन्ही तिथे अपुरे पडतात. कढईवर हात बसेपर्यंत ते घेऊ नयेत. तोवर तिला संध्याकाळची कॉफी सकाळी द्यावी.

पुढच्या पत्रात प्रत्येक घाण्याची चारच टिपणे पाठवावीत: दाणे टाकल्यापासून पिवळे पडेपर्यंतचा वेळ, तडतड सुरू होण्याचा वेळ, उतरवण्याचा वेळ आणि नंतरचे वजन. सोबत चव तुमच्या शब्दांत लिहावी. तेवढ्यावरून आच कुठे कमी-अधिक करायची ते मला इथून सांगता येईल.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमची,
धाकटी