टॉकबॅक बंद करायला लावणाऱ्या अ‍ॅपबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग
प्रत: अ‍ॅप विकास विभाग

विषय: अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीत स्क्रीन रीडर वापरणाऱ्या ग्राहकांना प्रवेश नाकारला जात असल्याबाबत

महोदय / महोदया,

मी आपल्या पेमेंट अ‍ॅपची जुनी ग्राहक आहे. मी पूर्ण अंध आहे आणि माझा अँड्रॉइड फोन टॉकबॅक या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचे सगळे बोलून वाचून दाखवणाऱ्या साधनाच्या, आधाराने वापरते. नवी आवृत्ती आल्यापासून अ‍ॅप उघडले की टॉकबॅक मला एवढेच वाचून दाखवतो: ‘तुमच्या फोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवा चालू आहे. सुरक्षिततेसाठी ती बंद करा.’ त्याखाली एकच बटन आहे, ‘बाहेर पडा’. ही सेवा म्हणजे टॉकबॅकच. तो बंद केला की फोन बोलायचा थांबतो, आणि न बोलणाऱ्या फोनवर मला साधी वेळसुद्धा कळत नाही. टॉकबॅक चालू असेल तर अ‍ॅप आत घेत नाही, बंद केला तर अ‍ॅप उघडूनही मला काही करता येत नाही. पैसे माझे, खाते माझे, आणि मी तिथवर पोहोचू शकत नाही.

आपल्या मदत केंद्राला मी फोन केला. तिथल्या कर्मचाऱ्याने माझे म्हणणे मध्येच न तोडता ऐकून घेतले, हे मुद्दाम नोंदवते. पण शेवटी मिळालेला सल्ला असा: घरातल्या एखाद्या डोळस व्यक्तीला टॉकबॅक बंद करायला सांगा आणि त्यांच्याकडून व्यवहार करून घ्या. मी विचारले, पिन कोण टाकणार? उत्तर आले, विश्वासातल्या माणसाला सांगायला हरकत नाही. त्यानंतर माझ्या तक्रारीवर ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून ती बंद करण्यात आली.

निराकरण झालेले नाही. आणि हे पत्र मी मुख्यतः त्या सल्ल्यामुळे लिहिते आहे. पिन कोणालाही सांगू नका, आमच्या कर्मचाऱ्यालाही नाही, असे आपण प्रत्येक ग्राहकाला बजावता. नियम योग्य आहे आणि तो मलाही लागू आहे. घरच्यांवर माझा विश्वास आहे की नाही, हा प्रश्नच नाही. माझ्याकडे किती पैसे आहेत, औषधांवर किती जातात, कोणाला उसने दिले, हे कोणाला कळू द्यायचे ते मी ठरवणार. डोळस ग्राहकाला हा हक्क कोणाकडे मागावा लागत नाही. शिवाय प्रत्येक दृष्टिहीन माणसाच्या घरी विश्वासाचे कोणी असतेच असे नाही. काहीजण एकटे राहतात. काहींना फसवणारा माणूस घरातलाच असतो. अशा माणसांना आपण आपला पिन दुसऱ्याच्या स्वाधीन करायला लावत आहात. सुरक्षिततेसाठी म्हणून केलेल्या या बदलाने आमची खाती पूर्वीपेक्षा असुरक्षित झाली आहेत.

आपली काळजी खोटी आहे असे मी म्हणत नाही. अँड्रॉइडमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेला पडद्यावरचा मजकूर वाचता येतो आणि वापरकर्त्याच्या वतीने बटने दाबता येतात. स्क्रीन रीडरचे काम या अधिकारांशिवाय होऊच शकत नाही, आणि नेमक्या याच अधिकारांचा गैरवापर करून खाती रिकामी करणारे मालवेअरही बनवले गेले आहे. त्याला अडवलेच पाहिजे. पण त्यासाठी लागणारी साधने आपल्या विकासकांच्या हाताशी आहेत. अँड्रॉइड १२ पासून प्रत्येक अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेला आपण खरोखर अपंग व्यक्तींसाठीचे साधन आहोत की नाही, हे जाहीर करण्याची सोय आहे. गूगल प्लेच्या नियमांनुसार असे जाहीर करण्याची मुभा स्क्रीन रीडर, स्विचने किंवा आवाजाने फोन चालवण्याची साधने, ब्रेलवर आधारित साधने अशांनाच आहे. अँड्रॉइड १४ मध्ये तर पिनसारख्या नाजूक जागेवर अशी खूण करता येते की तिथला मजकूर फक्त या जाहीर झालेल्या साधनांनाच मिळेल, बाकीच्या सेवांना तिथे काहीच दिसणार नाही. एखाद्या चोराने खोटेच जाहीर केले तर काय, असे आपले अभियंते विचारतील. विचारायलाच हवे. त्यासाठी ती सेवा कोठून इन्स्टॉल झाली आणि तिच्यावर कोणाची डिजिटल सही आहे, तेही तपासता येते. टॉकबॅक तर खुद्द गूगलचा आहे. त्याची ओळख पटवणे अवघड नाही.

यातले काहीही न करता आपल्या अ‍ॅपने सरसकट दार लावून घेतले आहे.

डोळस लोकांना बहुधा माहीत नसलेली एक गोष्ट इथे सांगते. टॉकबॅक वापरताना फोनचा पडदा पूर्ण काळा ठेवता येतो, आयफोनच्या व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरमध्येही ही सोय आहे. मी कानात ईअरफोन घालून काळ्या पडद्यावर व्यवहार करते, तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाला ना काही दिसते ना काही ऐकू येते. पिन चोरून बघायला तिथे काही नसतेच. इतका खासगी व्यवहार आपले बहुतेक डोळस ग्राहक करत नसतील. तो बंद पाडून आपण मला माझा पिन दुसऱ्याला सांगायला लावता, याचा मला मनस्वी राग आहे.

मी ज्यांची दृष्टी नुकतीच गेली आहे अशा लोकांना फोन शिकवते. काचबिंदूने, मधुमेहाने किंवा अपघाताने दृष्टी गेलेला माणूस पहिल्या दिवशी फोन हातात घ्यायलाही तयार नसतो. आधी एका बोटाने पडदा चाचपणे, मग उजवीकडे स्वाइप करून एकेक गोष्ट ऐकणे, मग डबल टॅप, अशा पायऱ्या चढत आम्ही जातो. सराव करायला मी आजवर आपलेच अ‍ॅप देत आले, कारण त्याची जुनी आवृत्ती खरोखर चांगली होती. बटनांना नावे होती, शीर्षके शीर्षके म्हणून वाचली जात, पैसे गेल्याचा निरोप फोकस, म्हणजे स्क्रीन रीडर पडद्यावर जिथे थांबलेला असतो ती जागा, न हलवता आपोआप ऐकू येई. आपल्याकडे कोणीतरी मन लावून ते काम केले होते. दृष्टी गेल्यानंतर पहिल्यांदा कोणाच्याही मदतीशिवाय मुलीला पैसे पाठवले तेव्हा माझे एक ज्येष्ठ विद्यार्थी बराच वेळ काही बोललेच नाहीत. आता तेच मला विचारतात, ‘बाई, आपल्याकडून काही बिघडलं का?’ बिघडवले आपण आहे, आणि ते त्यांना आपणच सांगायला हवे.

आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवा बंद करण्याची अट येत नाही, म्हणून माझ्या एका अंध मैत्रिणीच्या आयफोनवर आम्ही नवी आवृत्ती तपासली. तिथे आत जाता येते, पण पैसे पाठवता येत नाहीत. पिनसाठी आपण स्वतःचा अंकफलक बनवला आहे आणि तो चित्रासारखा रंगवलेला आहे. व्हॉइसओव्हरला तिथे एकही बटन सापडत नाही. बोट कोठेही फिरवा, फोन गप्प. सुरक्षेसाठी अंकांच्या जागा दर वेळी बदलल्या तरी आमची हरकत नाही, प्रत्येक बटनाने आपला अंक सांगितला की झाले. त्याहून सोपे म्हणजे फोनचा स्वतःचा अंकांचा कीबोर्ड वापरा किंवा बोटाच्या ठशाची सोय द्या. फोनच्या कीबोर्डचा आणखी एक फायदा आहे. टॉकबॅकमध्ये २०२० पासून पडद्यावरच ब्रेल टंकण्याची सोय आहे, व्हॉइसओव्हरमध्ये ती त्याच्याही आधीपासून आहे. आमच्यापैकी कित्येकजण त्यावरच भराभर लिहितात. आपल्या रंगवलेल्या फलकाने तोही मार्ग बंद केला आहे.

पैसे पाठवण्याच्या पानावर तळाशी तीन बटने आहेत आणि तिन्हींना नाव नाही. ‘बटन, बटन, बटन’ एवढेच ऐकू येते. नाव नसलेल्या बटनाला टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हरमधून स्वतःचे लेबल देता येते, हे मी विद्यार्थ्यांनाही शिकवते. मात्र ते लेबल देणाऱ्यापुरतेच असते, अ‍ॅपची मांडणी बदलली की ते टिकेल याची खात्री नसते, आणि मुळात बटन कशाचे आहे ते आधी कळले तरच देता येते. हल्ली फोन चित्रावरून बटनाचा अंदाजही बांधतात. गाण्याच्या अ‍ॅपमध्ये अंदाज चुकला तर दुसरे गाणे लागेल. इथे पैसे जातात. विकासकाला प्रत्येक बटनासाठी एक ओळ लिहायची असते, त्या एका ओळीसाठी आम्ही अंदाजावर पैसे पाठवावेत का?

मुखपृष्ठावरच्या सरकत्या जाहिराती वाचता वाचता फोकस पळवतात, त्या थांबवण्याचे बटन द्यावे. लॉगिनला वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा आहे, त्याला ध्वनीचा पर्याय नाही. ओटीपीची मुदत इतकी तोकडी आहे की संदेश ऐकून अ‍ॅपमध्ये परत येईपर्यंत ती संपते, आणि वाढवून मागता येत नाही.

माझ्याबरोबर शिकवणारे एक सहकारी अल्पदृष्टी आहेत. ते स्क्रीन रीडर वापरत नाहीत, अक्षरे मोठी करून वाचतात. नव्या आवृत्तीत पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात शिल्लक दाखवली जाते आणि ती त्यांना दिसत नाही. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना अ‍ॅपसाठीही वापरल्या जातात. त्यांच्या एए पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३:१ चालतो, आणि मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा केला तरी काही तुटता कामा नये. आपल्या अ‍ॅपमध्ये फोनची अक्षरे मोठी केली की रकमेचे शेवटचे आकडेच कापले जातात. अर्धवट दिसणारी रक्कम किती धोक्याची असते, हे पैशांचे काम करणाऱ्या कंपनीला मी सांगायला नको.

यातले काहीही नवे नाही. टॉकबॅक २००९ सालचा, आयफोनवर व्हॉइसओव्हर आला तोही त्याच वर्षी. डब्ल्यूसीएजीची २.० आवृत्ती २००८ मध्ये आली, २.२ ही ऑक्टोबर २०२३ मध्ये. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा आहे आणि त्याच्या नवव्या कलमात माहिती व संपर्क तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याजोगे असण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. टॉकबॅक व अन्य प्रमाणित सहायक साधनांवरची बंदी ताबडतोब उठवावी, आणि दुरुस्ती होईपर्यंत जुनी आवृत्ती चालू ठेवावी. पिनचा फलक आणि पैसे पाठवण्याचे पान आधी दुरुस्त करावे, रंगरूप नंतर पाहता येईल. यापुढे कोणतीही आवृत्ती बाहेर काढण्यापूर्वी अंध आणि अल्पदृष्टी परीक्षकांकडून ती तपासून घ्यावी, आणि त्या कामाचा त्यांना रीतसर मोबदला द्यावा. अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनरसारखी साधने नाव नसलेले बटन किंवा फिकट रंग दाखवून देतात, ती जरूर वापरा. पण दिलेले नाव चुकीचे आहे किंवा फोकस भलतीकडे उडी मारतो, हे रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्याच्याच लक्षात येते. पिन दुसऱ्याला सांगण्याचा सल्ला आपल्या मदत केंद्रातून यापुढे कोणालाही दिला जाऊ नये, अशी लेखी सूचना काढावी. आणि माझी बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी.

दुरुस्तीच्या कामात मी आणि माझे सहकारी मदत करायला तयार आहोत. आपल्या विकासकांबरोबर बसून कोणत्या पानावर काय ऐकू येते, ते आम्ही दाखवू.

या पत्राचे उत्तर, कोणती दुरुस्ती कधीपर्यंत होणार या तारखांसह, मला ईमेलने पाठवावे. पत्र छापून, सही-शिक्का मारून त्याचा स्कॅन पाठवण्याची पद्धत असते, तसे कृपया करू नये, कारण तो स्कॅन म्हणजे केवळ चित्र असते. उत्तर ईमेलमध्येच साध्या मजकुरात लिहावे, म्हणजे मला ते स्वतः वाचता येईल.

आपली,
एक दृष्टिहीन ग्राहक