रॅली झाली, आता खरी माहितीही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, तुमच्या पेपरात शाळेच्या पोरांच्या रॅलीचा फोटो येतो, यंदाही आला. चांगलंय. पण मी एचआयव्ही पॉझिटिव्ह, 2006 पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या खातोय, बायको निगेटिव्ह, अकरावीतली मुलगी पण निगेटिव्ह, आणि हे कसं काय होतं ते अजून कुणी छापलेलं मी तरी वाचलं नाही.

यात चमत्कार काही नाही हो. नऊ देशांत 1763 जोडप्यांवर अभ्यास झाला होता, एक जण पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह अशी जोडपी, आणि त्यात पुण्यातली 'नारी' ही एड्स संशोधन संस्था पण होती बरं का. 2011 ला कळलं की गोळ्या लवकर सुरू केल्या तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी होते. आता तर पक्कं झालंय की गोळ्या न चुकवता घेतल्या आणि टेस्टमध्ये व्हायरस दिसेनासा झाला, तसाच राहिला, की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जातच नाही.

मला हे सांगितलं आमच्यातल्याच एका ताईनं. ती स्वतः पॉझिटिव्ह, माझी गोळ्या आणायची तारीख चुकली की घरी यायची आणि शेजारणीनं विचारलं तर 'बचत गटाची आहे' म्हणायची. तिला पगार नाही, मानधन, तेपण महिनोन्‌महिने अडकायचं. आमच्या सांगलीत 'संग्राम' संस्थेनं 1992 पासून असंच केलं, वेश्यावस्तीतल्या बायकांच्याच हातात काम दिलं, कंडोम वाटायचं, दवाखान्यात सोबत जायचं, त्यातनंच 1996 ला त्यांची स्वतःची 'वॅम्प' संघटना उभी राहिली. रॅलीच्या फोटोत या बायका कधी दिसल्यात का?

मागच्या महिन्यात दात काढायला गेलो तर केसपेपरवर लाल पेनानं मोठ्ठं लिहिलं आणि चारचौघात खुर्चीवरून उठवलं. आता 2017 चा कायदा आहे, सप्टेंबर 2018 पासून लागू पण झालाय, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. हे मी डॉक्टरला सांगितलं तर म्हणाला, असं कुठं लिहिलंय?

तर अर्धा कॉलम द्या, त्यात हे सगळं छापा आणि 1097 हा हेल्पलाइनचा नंबर पण द्या, फ्री आहे.

नाव छापू नका प्लीज, मुलीचं कॉलेज नुकतंच सुरू झालंय.

आपला एक वाचक,
मिरज तालुका