बाबा, जांभळं जरूर खा, पण साखरेची गोळी सोडू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा ‘बरं बरं, बघू’ म्हणून फोन आईच्या हातात देतात. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

बाबा, जांभळाच्या बियांची पावडर सुरू केल्यापासून तुम्ही साखरेची संध्याकाळची गोळी घेत नाही, असं आई म्हणाली. ऐकल्यापासून माझं कशातच लक्ष लागत नाहीये. पत्र बाजूला ठेवा, आधी डॉक्टरांना फोन करा आणि ते सांगतील तशी गोळी पुन्हा चालू करा. बियांच्या पावडरीने उंदरांची साखर उतरल्याचे प्रयोग पुष्कळ आहेत. माणसांवरचे मात्र थोडे, आणि तेही लहान. तेवढ्यावर तुमचे डोळे आणि मूत्रपिंडं पणाला लावायला माझी अजिबात तयारी नाही.

आता त्या बेरीच्या कॅप्सूलविषयी. तुमच्या ओळखीच्या ज्यांनी त्या आणून दिल्या, त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ म्हणून जो भलामोठा आकडा छापलाय, तो परीक्षानळीतला असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने असे आकडे असलेला पदार्थांचा एक मोठा तक्ता लोकांसाठी खुला ठेवला होता. नळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होईल ते सांगता येत नाही, आणि कंपन्या त्याचा जाहिरातीसाठी वापर करतात, म्हणून २०१२ मध्ये त्यांनीच तो काढून घेतला. दीड हजाराची बाटली त्या आकड्याकडे बघून घेऊ नका.

याचा अर्थ बेरीत काही नाही असा नव्हे. आहे, आणि म्हणूनच एवढं लिहितेय. या फळांचा लाल, जांभळा, निळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा असतो. आई, कोकम सरबत ओट्यावर सांडलं आणि तू सोड्याच्या पाण्याने पुसायला गेलीस, की तो लाल ओघळ निळसर-हिरवट होतो बघ. हे तेच द्रव्य. आंबटात लाल राहतं, सोड्यात रंग बदलतं आणि जास्त उकळलं की नासतं. परदेशी ब्ल्यूबेरीत आहे तसं ते आपल्या जांभळात आहे, पिकलेल्या करवंदात आहे, तुतीत, काळ्या द्राक्षांच्या सालीत आणि कोकमातही आहे.

शरीरात त्याचा सगळ्यात स्पष्ट परिणाम दिसलाय तो रक्तवाहिन्यांवर. त्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, त्याने वाहिनी सैल पडते आणि रक्त मोकळं वाहतं. वय आणि साखर वाढली की हे काम मंदावतं. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने २०१९ मध्ये एक प्रयोग छापला. पन्नास ते पंचाहत्तर वयाची, पोट सुटलेली, साखर-रक्तदाबाच्या उंबरठ्यावरची ११५ माणसं होती. सहा महिने रोज १५० ग्रॅम ब्ल्यूबेरीइतकी मात्रा घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या सुधारल्या. निम्मी मात्रा घेणाऱ्यांना फायदा दिसला नाही. बाबा, तुम्ही म्हणाल की त्यांनाही पावडरच दिली होती. खरंय, पण ती अख्ख्या फळाची, चांगली मूठभर होती, चिमूटभर अर्काची कॅप्सूल नव्हती. शिवाय त्या प्रयोगाला ब्ल्यूबेरी पिकवणाऱ्यांच्या संघटनेचा पैसा होता, तेही लक्षात असू द्या. आणि तुमच्यासाठी मुद्द्याचं म्हणजे, शरीर इन्शुलिनला कसा प्रतिसाद देतं त्यात काहीही फरक पडला नाही. म्हणजे फळ रक्तवाहिन्यांसाठी, गोळी साखरेसाठी. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

आई, तू हल्ली ‘नावं आठवत नाहीत गं’ म्हणतेस, म्हणून तुझ्यासाठी हे. अमेरिकेत सत्तरीपुढच्या सोळा हजारांवर परिचारिकांच्या स्मरणशक्तीची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. ज्या स्ट्रॉबेरी आणि ब्ल्यूबेरी जास्त खात होत्या, त्यांची स्मरणशक्ती सावकाश उतरली, फरक अडीच वर्षांपर्यंतचा. बेरी खाणाऱ्या बायका इतर बाबतींतही तब्येतीला जपणाऱ्या असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय फळाला देता येत नाही. तरी मला हे आशेचं वाटतं. पण विसरणं वाढतंय असं वाटलं तर डॉक्टरांना दाखवूच, फळावर सोडून द्यायचं नाही.

फळ अख्खंच खायचं, रस काढून नाही. या द्रव्यातला थोडाच भाग थेट रक्तात जातो. बराचसा मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे मग रक्तात जातात. त्या जिवाणूंना चोथाही लागतो, आणि तो गाळणीत राहतो.

सध्या जांभळांचे दिवस आहेत. ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत सकाळी ऊन चढायच्या आत जा. पालघरकडची, बहाडोलीची मिळाली तर तीच घ्या, गर भरपूर असतो. फुटलेली, पाणी सुटलेली घेऊ नका, टपोरी आणि देठाशी घट्ट असलेली बघून घ्या. वाटीभर पुरे. बाबांनी मीठ लावून खाऊ नये. उरलेल्यांच्या बिया काढून गर छोट्या डब्यांत फ्रीझरला टाका. गोठवल्याने रंगद्रव्य बरंच टिकतं, मुरंब्यात उकळून जातं आणि वर साखर पडते. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येईल, तेव्हा ती. क्रॉफर्ड मार्केटमधल्या विमानाने आलेल्या डब्या माझ्यासाठीसुद्धा आणू नका.

कोकमाचं सरबत रोज नको. बाटलीतल्या सरबतात साखर असते आणि आगळात मीठ, म्हणजे तुमच्यापैकी एकाला तरी ते बाधणारच. आई, बिनमिठाची आमसुलं रात्री पाण्यात भिजत घाल, सकाळी कुस्करून तसंच पी.

एक राहिलं. त्या बाटलीतल्या काही कॅप्सूल आत्याला दिल्यास म्हणे. तिला रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू आहे आणि बाटलीत क्रॅनबेरीचा अर्क आहे. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिने घेऊ नये. तिला आजच कळव.

रविवारी सकाळच्या लोकलने येतेय. बाबांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जुना रिपोर्ट लोखंडी कपाटातल्या निळ्या फायलीत असेल, तो काढून ठेवा. नवी तपासणी सोमवारी करून घेऊ, मी सुट्टी टाकलीय.

तुमची,
मनू