सुध्या, खड्डा आत्ता खणू नकोस

इंदूर, एप्रिलअखेर

प्रिय सुध्या,

मातीची फुगवण मोजली. रॉकेलच्या नळीत, जिथे ती फुगत नाही, १२ मिलिलिटर; पाण्याच्या नळीत २१. फुगवणीची टक्केवारी तू तोंडी काढशील: ७५. माती तुमच्या लोकमान्यनगरच्या बागेतली, सीताफळाच्या झाडाशेजारची. काकूंनी हौसेने चुन्याचं १२ फुटी वर्तुळ दाखवलं, "पोरांसाठी जमिनीतलं ट्रॅम्पोलिन बसवतोय सुधीर" म्हणाल्या, आणि निघताना मी डबाभर माती मागून आणली. १० ग्रॅम माती वाळवून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढून, २४ तास ठेवलेली. दुसऱ्या कुणाला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, बरं, मग? तुला पुढचं सांगायला नको, म्हणून तुलाच लिहितोय.

इकडे सगळे ठीक. आईचं बीपी गोळीवर आहे, माझा गुडघा तसाच.

तुमच्या ठेकेदाराशी बोललो. माणूस भला आहे, पण बेत असा: विहिरीसारखा सरळ तीन फूट खड्डा, कडेने अर्ध्या विटेची भिंत, आतून प्लास्टर, तळाला कोबा, आणि हे सगळं मुलं सुट्टीला यायच्या आत. सुध्या, मे महिन्यात माळव्याची काळी माती आकसून बसलेली असते, भेगांत हात जातो. त्या आकसलेल्या मातीला भिंत टेकवून बांधली की जूनअखेर माती पाणी पिऊन फुगणार आणि तिला सरकायला मोकळी जागा एकच, खड्ड्याच्या आत. साडेचार इंची वीट तो आडवा रेटा सोसत नाही. भिंतीला पोट येतं, वर टेकलेली ट्रॅम्पोलिनची चौकट लंबगोल होते, एका बाजूच्या स्प्रिंगा ताणतात आणि समोरच्या ढिल्या पडतात. उडी मग सरळ वर जात नाही, पोर कडेला फेकलं जातं. कोबाही खालून उचलला जाऊन तडकतो. पुढच्या उन्हाळ्यात माती परत आकसली की भिंतीमागे पोकळी, आणि पहिल्या पावसाचं पाणी थेट त्या पोकळीत.

म्हणून काम दिवाळीनंतर. तेव्हा मातीत बेताची ओल असते, ती अर्धीअधिक फुगून झालेली असते आणि फावड्याला चिकटतही नाही. मुलं या सुट्टीत रुसतील. रुसू देत.

सरळ खड्डा नकोच. कडेला फूटभर खोल आणि फूटभर रुंद पायरी, चौकट तिच्यावर. पायरीपासून आत ४५ अंशांचा उतार, मधला सहा फुटांचा तळ तीन फूट खोल. उडीची चादर सगळ्यात खाली मध्यावरच जाते, कडेला तेवढी खोली लागतच नाही. भिंत उरते फक्त फूटभराची, म्हणजे मातीचा रेटाही तेवढाच. खोदाई सहा घनमीटरच्या आसपास, सरळ खड्ड्याला साडेनऊ लागले असते. खणलेली माती तीस टक्के तरी फुलते, तेव्हा तीनेक ट्रॉल्या धर. ती माती काठाशी ढीग करून ठेवू द्यायची नाही आणि भिंतीमागे तर मुळीच भरायची नाही.

आता आपलं जुनं भांडण. भिंतीमागे आणि उतारावर काय भरायचं? तू वाळू म्हणशील, मला ठाऊक आहे. सेक्सरिया कॉलेजच्या कँटीनमध्ये तू वाळूसाठी टेबलावर मुठी आपटल्या होत्यास. मी अजून मुरमावरच आहे. वाळू पाण्याला वाट देते आणि ते पाणी काळ्या मातीलाच नेऊन पोचवते. आयआयटी मुंबईत प्रा. कट्टींनी काळ्या मातीवर जे काम केलं त्याचं सार हेच आहे: स्वतः न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर नीट दाबून दिला की खालची फुगवण आवरते. तेव्हा अस्तरासाठी सहा इंच जास्त खोद, पिवळा मुरूम तीन-तीन इंचांच्या दोन थरांत पाणी शिंपून धुमसाने ठोक. भिंतीमागे मात्र पूर्ण फूटभर मुरूम हवा. उतारावर वरून जिओटेक्स्टाइलचं (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड अंथर, म्हणजे मुरूम धुपत नाही.

पायरीवर सलग काँक्रीटची कडी, नऊ बाय नऊ इंच, दहा एमएमच्या चार सळ्या, आठ एमएमच्या रिंगा सहा इंचांवर. सलग असली की एका जागी माती हलली तरी सगळं वर्तुळ एकत्र राहतं. लेव्हल मात्र पाण्याच्या नळीनेच घे, तुझ्या त्या डंपीचं, सर्व्हेच्या दुर्बिणीचं, इथे काम नाही! नळीत बुडबुडा राहिला तर रीडिंग खोटं येतं, तेवढं मिस्त्रीला सांग. चौकट मातीला कुठेही टेकता कामा नये, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

आता पाणी. माझी झोप खरी त्यानेच उडवली आहे. चादर पाणी अडवत नाही. १२ फुटी वर्तुळावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर, आणि असा दिवस इंदूरला अधूनमधून येतोच. वर्षाचे साडेनऊशे धरले तर दहा हजार लिटरच्या घरात. लॉनचं वाहून येणारं वेगळं, म्हणून भिंतीचा माथा लॉनपेक्षा दोन इंच वर आणि लॉनचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. ठेकेदार म्हणतो तळाशी गिट्टी भरून शोषखड्डा करू. काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे हौद. खात्री हवी तर तळाच्या पातळीला फूटभर खड्डा घेऊन पाणी भर, ते जिरू दे, परत भर आणि घड्याळ लाव. पाणी इंचभर उतरायला तासाहून जास्त लागला तर शोषखड्डा विसर. गल्लीतली गटार दीड-दोन फूट खोल आहे, आपला तळ तीन फूट. पाइप जोडलास तर भर पावसात गटारच आत येईल. उपाय एकच: तळाच्या मध्यात पाणी गोळा व्हायला दोन फूट खोल संप, त्यात भोकं पाडलेला ड्रम, भोवती गिट्टी, आत फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा) अर्ध्या एचपीचा ड्रेनेज पंप, आणि वायरीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच. त्यावर काटकसर नको, वरती पोरं उड्या मारणार आहेत. पाणी आठवडा-दहा दिवस साठलं की डेंग्यूचे डास तयार होतात.

पाण्याइतकीच हवा. चादर जमिनीलगत असली की खालची हवा उडीबरोबर कोंडते, उडी जड होते, कडेच्या गाद्या फटफट उडतात. चौकट कडीपासून दोन-तीन इंच उचलून बसव, गाद्या हवा सोडणाऱ्या घे, आणि फटीला बारीक जाळी लाव. बेडूक आत गेला की मागून साप येतो.

स्प्रिंगा सलग एका टोकाने लावत जाऊ नका. आधी समोरासमोरच्या चार, मग प्रत्येक दोघींच्या मधली, असं निम्मं-निम्मं करत. एका बाजूने लावत गेलं तर शेवटच्या चार-पाच कुणाच्याही बापाला ओढवत नाहीत.

वर्तुळही सरकव. सीताफळ पाच फुटांवर आहे. झाडाची मुळं त्या बाजूची माती जास्त सुकवतात, म्हणजे आकसणं-फुगणं एकीकडे जास्त, शिवाय फांदी डोक्यावर. कंपाउंडपासूनही सहा फूट तरी मोकळं हवं आणि भोवती फरशी नको, गवतच. फाटकाकडे सरकवण्याआधी काकांना नर्मदेच्या पाण्याची लाइन कुठून जाते ते विचार. ती गळत असली तर बारा महिने फुगवण.

आणि जमिनीलगत म्हणजे सुरक्षित असं वहिनींना सांगू नकोस. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली लिहिलं आहे की ट्रॅम्पोलिनवरच्या दुखापतींपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकाहून जास्त जण उड्या मारत असताना होतात. एका वेळी एकच. सहा वर्षांखालचं कुणी नाही, म्हणजे तुझी धाकटी अजून नाही. ती रडेल, पण हे ऐक.

तुझं प्रमोशन झालं ते काकूंकडून कळलं, अभिनंदन. मोठीचा दहावीचा निकाल कळव. घराचं कर्ज मंजूर झालं का?

मजूर सोमवारी येणार आहेत. ठेकेदाराला आजच फोन कर आणि आगाऊ दिलेले पैसे दिवाळीनंतरच्या कामात धरायला सांग. तो तयार आहे, मी विचारून ठेवलं आहे.

तुझा,
वसंता

ता. क. मुरूम आत्ताच, उन्हाळ्यात आणून ताडपत्रीखाली टाकून ठेव. पावसाळ्यानंतर ट्रॉलीत अर्धी काळी मातीच येते.