तीन बिटांत नऊ

कोल्हापूर, रविवार

सुध्या,

पत्र नाही म्हणून घातलेल्या शिव्या पोचल्या. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. आज लिहितोय कारण हे घरात सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "एका बिटासाठी जेवण थंड करू नका."

आमच्या सी कोड तपासणाऱ्या टूलमध्ये बिटफील्डचा, म्हणजे मोजक्या बिटांत कोंबलेल्या आकड्याचा, बग होता. 'मोड' नावाच्या तीन बिटांच्या अनसाइन्ड (वजा आकडे नसलेल्या) फील्डमध्ये ० ते ७च मावतात; ९ भरले की उरतो १. टूल मात्र ९च धरून चालायचं. मग "मोड १ असेल तर" ही फांदी त्याच्या लेखी मेलेली, आणि तिच्यातला नल पॉइंटर (कुठंच न नेणारा पत्ता) बिनबोभाट सुटायचा. नव्या पोरानं पॅच आणला: भरताना मास्क लावा, म्हणजे न मावणारे बिट छाटा. टेस्ट सगळ्या हिरव्या, ऑफिस म्हणतंय नाद खुळा, मुख्य कोडमध्ये मर्ज कर. मी अडवून बसलोय.

का? मास्क काढलाय १ला रुंदीइतकं डावीकडं सरकवून, वजा १. रुंदी ३२ आली की तो शिफ्टच अनडिफाइन्ड, काय होईल याची सी भाषेत हमीच नाही. म्हणजे जे लोकांच्या कोडमध्ये पकडायचं, ते आपल्याच पोटात! शिवाय (मोड = ९) या अख्ख्या एक्स्प्रेशनची किंमतही १ व्हायला हवी; पॅचमध्ये ती ९च राहते. आणि साइन, म्हणजे अधिक-वजा, तर त्यानं बघितलंच नाही. एका बिटाच्या साइन्ड फील्डमध्ये १ भरला की जीसीसी कंपायलरवर वाचताना -१ येतो. नुसतं इंट लिहिलं तर साइन्ड की अनसाइन्ड, हे कंपायलर ठरवणार.

हसू नकोस. राजारामपुरीच्या खोलीवर तुझा एक बिटाचा इंट, खाली "== १", आणि दिवा काही पेटेना. रात्रभर सोल्डरिंग तपासलंस. मी इंटकडं बोट दाखवलं तर आठवडाभर अबोला! त्या पैजेची मिसळ अजून येणं आहे, लेका.

तर घोर त्या पोराचा. कमेंट टाकल्यापासून गप्प आहे. त्याचा पहिलाच पॅच, आणि त्याला सापडलेला बग खराच होता. पण अर्धा दुरुस्त केलेला बग वाईट. आता सगळे म्हणणार, बिटफील्ड झालं, पुढं चला. पोरगा तुझ्याच जातकुळीतला, तिरसट. म्हणून विचारतो: त्या रात्री मी काय म्हणालो असतो तर तुला पटलं असतं? की काही न बोलता फेल होणाऱ्या टेस्टच लिहून धाडू?

वहिनींची बदली झाली का? चिन्याला दहावीचे पेढे मागितलेत म्हणून सांग.

उद्या दुपारच्या मीटिंगच्या आत कळव. त्यापुढं पॅच धरून ठेवणं माझ्या हातात नाही.

तुझा,
बापू